काट्यापाशीचा ख्रिस्ती

रावेर-यावलकडे केळीचा बोर्डभाव एक जाहीर होतो आणि बांधावर शेतकऱ्याच्या हातात दुसराच पडतो. कापसाच्या खरेदीतही कट्टीच्या नावाखाली वजनातून काहीतरी कापलं जातंच. जळगाव जिल्ह्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. पण काट्यापाशी उभा असलेला तोलारी किंवा हिशेब लिहिणारा दिवाणजी आपल्या मंडळीतला असेल, तर निदान त्याला तरी ते खटकायला हवं.

लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढून बघा. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे, ती याच अध्यायात आहे. तिच्या थोडं आधी मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवू नका असं बजावलंय आणि शेवटी वजनमापं खरी ठेवायला सांगितलंय. तिन्ही आज्ञा एकाच देवाच्या. आपण मधली तेवढी उचलली, कारण तिला पैसे पडत नाहीत.

भुसावळ-जळगावकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे आणि पश्चिम खानदेशात स्वीडन-अमेरिकेच्या अलायन्स मिशनांचे लोक आले, तेव्हा त्यांनी प्रवचनाबरोबर दवाखाने आणि शाळाही उभ्या केल्या. सुरत-धुळे महामार्गावरचं चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय आजही चालू आहे. रात्री साप चावलेला माणूस दवाखान्यात आणला, तर त्याला आधी औषध वेळेवर मिळायला हवं. ते देणाऱ्या सिस्टरची सेवा तिथेच झाली. पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाबरोबर तंबू शिवत होता. 1811 साली बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठी नवा करार छापणारे विल्यम कॅरी तर मूळचे चांभारकाम करणारे. हातातलं काम या माणसांना कमीपणाचं वाटलं नाही.

काही उत्साही बंधूंना मात्र एक सांगायला हवं. कामावर विश्वास न्यायचा म्हणजे खाटेवरच्या रोग्याला पत्रक द्यायचं नाही, की आश्रमशाळेतल्या पोराला तासाला गाणी शिकवायची नाहीत. जो आपल्या हाताखाली किंवा आपल्या औषधावर आहे, त्याला नाही म्हणायची सोय नसते. शाळेत पगार गणिताचा मिळतो, तर गणित नीट शिकवा. कुणी आपणहून विचारलं, तर ड्यूटी संपल्यावर बोला.

पाळकसाहेबांनाही एक विनंती. भुसावळच्या यार्डात, एसटीच्या डेपोत, सिव्हिलच्या वॉर्डात रविवारची पाळी चुकत नाही. ती करणाऱ्याला ‘उपासनेत दिसत नाही’ म्हणून टोमणे मारू नका. मिशनऱ्यांसाठी प्रार्थना होते, तशी पाळीवर गेलेल्या गार्डसाठी आणि नर्ससाठीही नाव घेऊन होऊ द्या.

सगळ्यात अवघड जागा मुकादमाची. दसरा-दिवाळी झाली की धुळे-नंदुरबारची कितीतरी आदिवासी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. आधी घेतलेली उचल फिटते की नाही, हे मुकादमाच्या वहीवर ठरतं. अशी वही सांभाळणारे आपल्या मंडळ्यांतही असतील. पीक कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते, असं याकोबाने आपल्या पत्रात श्रीमंतांना सुनावलं आहे. ज्याच्या वहीत मजुराला आपला हिशेब वाचता येत नाही, त्याने रविवारी पुढच्या बाकावर बसून मोठ्याने गाण्यात अर्थ नाही. उचल किती, तोड किती टन झाली, कापलं किती, हे ज्याचं त्याला दर आठवड्याला वाचून दाखवा. त्याच्या घरात शिकलेलं पोर असेल, तर त्याच्याकडून तपासूनही घ्या.

आणि शेतात मजूर लावणाऱ्यांनो, पेरण्या-निंदण्यांत ‘पुढच्या आठवड्याला बघू’ हे बोलणं सोडा. बाजाराच्या दिवशी मजुराला दारात ताटकळत ठेवू नका. त्याची मजुरी सकाळीच मोजून हातात द्या.