विश्लेषण : खरे सांगावे की मन राखावे? व्हिडीओ गेममधील ‘दयाळू खोटे’ खेळाडूंना का छळते?

‘द लास्ट ऑफ अस’ या व्हिडीओ गेमवर बेतलेल्या मालिकेचा दुसरा हंगाम २०२५च्या एप्रिल-मेमध्ये प्रसारित झाला आणि गेमच्या चाहत्यांमधील एक जुना वाद पुन्हा उकरला गेला. जोएल एलीशी खोटे बोलला, ते प्रेमापोटी की स्वार्थापोटी? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत झाला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेमवर त्याने बंदी आणली, तर ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक गेमना प्रोत्साहन देण्याचे धोरण मांडले. आपल्याकडची चर्चा पैसा, व्यसन आणि हिंसा यांभोवतीच फिरली. मात्र कथाप्रधान गेम खेळाडूला कोणते प्रश्न विचारतात आणि त्याच्याकडून कोणती उत्तरे वदवून घेतात, हा मुद्दा बाजूलाच राहिला. त्यातला सर्वांत अवघड प्रश्न म्हणजे सत्य आणि दया यांपैकी एकाची निवड.

जोएलचे खोटे नेमके काय?

‘नॉटी डॉग’ या अमेरिकी कंपनीचा ‘द लास्ट ऑफ अस’ २०१३ मध्ये आला. बुरशीच्या संसर्गाने उद्ध्वस्त झालेल्या अमेरिकेत जोएल हा प्रौढ तस्कर एली या किशोरवयीन मुलीला देशाच्या एका टोकाहून दुसरीकडे नेतो. एलीला या संसर्गाची बाधा होत नाही, त्यामुळे तिच्यापासून लस बनेल अशी ‘फायरफ्लाइज’ या गटाला आशा असते. पण त्यासाठीच्या शस्त्रक्रियेत तिचा जीव जाणार असतो. तिला कोणी विचारलेलेही नसते. स्वतःची मुलगी गमावलेला जोएल रुग्णालयात रक्तपात घडवून एलीला बाहेर काढतो. शुद्धीवर आल्यावर तो तिला सांगतो, की तुझ्यासारखे अनेक जण सापडले, पण लस काही बनली नाही. ती त्याला शपथ घ्यायला लावते. तो शपथही घेतो.

या गेममध्ये खोटे बोलायचे की नाही, हे खेळाडूच्या हाती नाही. शस्त्रक्रिया कक्षात शिरण्यापर्यंत सूत्रे त्याच्याकडे असतात, तो जोएल म्हणून लढतो. अखेरच्या छोट्या प्रसंगात मात्र तो एलीच्या भूमिकेत जातो. म्हणजे ज्याने फसवले त्याच्या बाजूने खेळता खेळता, जिला फसवले तिच्या जागी येऊन उभा राहतो. २०२० मधील दुसऱ्या भागात एलीला सत्य कळते, त्यातून दोघांत दुरावा येतो. आपल्या मरणाला काही अर्थ उरला असता, तो निर्णय आपल्याकडून हिरावला गेला, ही तिची तक्रार असते. जीव वाचवणे आणि मग त्याबद्दल खोटे बोलणे, हे दोन वेगळे निर्णय होते. पहिल्याचे समर्थन करणारे अनेकजण दुसऱ्याचे समर्थन करताना अडखळतात, ते यामुळेच.

गेममध्ये हा प्रश्न केव्हापासून?

चाळीस वर्षांपासून. रिचर्ड गॅरियट यांचा ‘अल्टिमा ४’ हा गेम १९८५ मध्ये आला. त्याआधीच्या बहुतेक गेममध्ये राक्षस मारणे, खजिना लुटणे हेच उद्दिष्ट असे. या गेममध्ये मारून टाकावा असा कुणी खलनायकच नव्हता. खेळाडूला प्रामाणिकपणा, करुणा, न्याय, नम्रता अशा आठ सद्गुणांत पारंगत व्हायचे होते. सुरुवातीलाच भविष्य सांगणारी एक स्त्री दोन-दोन सद्गुणांत झगडा लावणारे प्रश्न विचारते आणि उत्तरांवरून तुमचे पात्र ठरते. त्यात प्रामाणिकपणा आणि करुणा एकमेकांसमोर उभे राहतात.

याच गेममध्ये जडीबुटी विकणारी अंध व्यक्ती आहे. किती पैसे द्यायचे ते खेळाडूनेच ठरवायचे. कमी दिले तरी त्या क्षणी काहीच होत नाही. गेम मात्र मुकाट्याने नोंद ठेवतो आणि पुढे प्रामाणिकपणाच्या कसोटीवर खेळाडू अडकतो. ‘कुणी पाहत नसताना तुम्ही कसे वागता’ हे तपासण्याची ही पद्धत पुढच्या पिढीतील गेमनी उचलली.

टालीच्या खटल्यात खेळाडूची कोंडी का होते?

‘बायोवेअर’च्या ‘मास इफेक्ट २’ (२०१०) या गेममध्ये शेपर्ड या नायकाची सहकारी टाली हिच्यावर तिच्याच समाजात देशद्रोहाचा खटला चालतो. तिच्या वकिलीचे काम शेपर्डकडे येते. तपासात पुरावा सापडतो, की गुन्हा टालीचा नव्हे, तर तिच्या मृत वडिलांचा आहे. शत्रू असलेल्या यंत्रमानवांवर त्यांनी धोकादायक प्रयोग केले होते. पुरावा दाखवला तर टाली सुटेल, पण वडिलांच्या नावाला कायमचा काळिमा लागेल. ती विनवते, की हे बाहेर येऊ देऊ नका.

सत्य सांगितले तर ती निर्दोष ठरते, पण तिचा शेपर्डवरचा विश्वास उडतो. लपवले तर ती हद्दपार होते, पण मैत्री टिकते. यापुढे पूर्वीच्या वागण्यातून पुरेसा प्रभाव कमावलेल्या खेळाडूला तिसरा मार्गही मिळतो, सभेला भावनिक आवाहन करून दोन्ही वाचवण्याचा. समीक्षक नेमके इथेच बोट ठेवतात. प्रत्यक्ष आयुष्यात असा तिसरा मार्ग क्वचितच असतो. तरीही या प्रसंगाचे वजन कमी होत नाही, कारण इथे लपवण्याची मागणी ज्या व्यक्तीला किंमत मोजायची आहे तिनेच केली आहे. एलीला ही संधी मिळाली नव्हती.

दयेच्या नावाखाली स्वार्थ लपतो का?

पोलंडच्या ‘सीडी प्रोजेक्ट रेड’चा ‘द विचर ३’ (२०१५) या शंकेला थेट भिडतो. एका उपकथेत नीलेन हा शिकारी हरवलेल्या पत्नीचा, हॅनाचा शोध घ्यायला नायक गेराल्टला सांगतो. वाटेत हॅनाची बहीण मार्ग्रित गेराल्टला गाठते. शोध थांबवा आणि हॅना मेली असे त्याला सांगून टाका, त्याने आशेवर झुरत राहण्यापेक्षा ते बरे, असा तिचा सूर असतो. त्यासाठी ती पैसेही देऊ करते. ऐकायला हे दयाळू वाटते. शोध चालू ठेवला तर उलगडते ते असे : नीलेन स्वतःच नरवृक आहे, हॅनाचा बळी त्यानेच घेतला आणि हॅनाला त्याचे ते रूप पाहायला नेणारी मार्ग्रित होती, कारण तिचे नीलेनवर प्रेम होते. तिला नीलेनच्या दुःखापेक्षा स्वतःचे गुपित जपायचे होते.

लुकास पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) नेमकी उलटी बाजू दाखवतो. खेळाडू इथे एका हुकूमशाही देशाच्या सीमेवरील कागदपत्र तपासनीस आहे. एक माणूस रीतसर कागदांसह प्रवेश करतो, मागे असलेल्या पत्नीला सांभाळून घ्या म्हणतो. पत्नीकडे प्रवेश परवाना नसतो. तिच्या पारपत्रावर मंजुरीचा शिक्का मारणे म्हणजे कागदोपत्री खोटे. त्याची शिक्षा तपासनीसाला होते. दिवसातील पहिल्या दोन चुकांना ताकीद, त्यानंतर पगारातून दंड. घरी कुटुंब उपाशी आणि थंडीने कुडकुडत असते. दया दाखवायची तर स्वतःच्या खिशातून.

या दोन प्रसंगांतून एक साधी कसोटी हाती लागते. खोट्याची किंमत कोण मोजतो? बोलणारा मोजत असेल तर त्यात दया असण्याची शक्यता अधिक. ऐकणारा मोजत असेल आणि बोलणारा सुटत असेल, तर त्याला दया म्हणण्यापूर्वी दहादा विचार करावा.

लहान मुलांना खरे सांगावे का?

‘टेलटेल गेम्स’च्या ‘द वॉकिंग डेड’ (२०१२) या गेमचा गाभाच हा आहे. खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला ली आठ वर्षांच्या क्लेमेंटाइनचा सांभाळ करू लागतो. तिचे आई-बाबा दूर सव्हाना शहरात अडकले आहेत आणि ते वाचले नसावेत, हे त्याला घरातल्या ध्वनिमुद्रित निरोपांवरून उमगते. तिला काय सांगायचे? स्वतःच्या गुन्ह्याबद्दल सांगायचे का? उत्तर द्यायला मोजके सेकंद मिळतात. गप्प राहणे हेही उत्तर धरले जाते. अनेक उत्तरांनंतर पडद्यावर ओळ येते, की क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवेल.

पुढे एक अनोळखी माणूस रेडिओवरून तिला सांगतो, की तुझे आई-बाबा सुखरूप आहेत. ती त्याच्याकडे जाते. लीने आधी काहीही उत्तर दिलेले असो, कथा या वळणावर येतेच. मुलाच्या मनात जी आशा असते, तीच कोणीतरी परका विकायला आणू शकतो, हे या गेमइतक्या ठसठशीतपणे फार थोड्या गेमनी दाखवले असेल. मुलाला वास्तव किती आणि कसे सांगायचे हा प्रश्न घरात आजारपण, मृत्यू किंवा नोकरी जाण्याची वेळ आली की प्रत्येक पालकापुढे उभा राहतो.

तत्त्वज्ञान आणि संशोधन काय सांगते?

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्ट यांनी १७९७ मधील निबंधात टोकाची भूमिका घेतली. मित्राच्या जिवावर उठलेल्या मारेकऱ्याने तो कुठे आहे असे विचारले, तरी खोटे बोलण्याचा अधिकार नाही. महाभारताच्या कर्णपर्वात नेमके उलट उदाहरण येते. सदैव सत्य बोलण्याचे व्रत घेतलेला कौशिक, लपलेल्या लोकांचा ठावठिकाणा दरोडेखोरांना सांगतो. त्यांची हत्या होते आणि कौशिक नरकात जातो. ही कथा कृष्ण अर्जुनाला सांगतो. सत्याचा नियम माणसांसाठी आहे, असा तिचा रोख.

एमा लेव्हिन आणि मॉरिस श्वाइत्झर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, दुसऱ्याच्या भल्यासाठी खोटे बोलणारी व्यक्ती ही स्वार्थासाठी खरे बोलणाऱ्यापेक्षा अधिक नैतिक मानली गेली. मात्र इतरांनी आपल्याला खोटे बोलून ‘वाचवावे’ असे प्रत्येकाला वाटेलच असे नाही. एलीचा राग या फटीतून आलेला आहे.

गेमच खेळाडूशी खोटे बोलतात का?

बोलतात, आणि तेही दयेनेच. ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेचे जनक सिड मायर यांनी २०१० मध्ये गेम विकासकांच्या परिषदेत याचा खुलासा केला. तीनास एक अशी बाजू वरचढ असताना हरल्यास खेळाडू चिडतात, हे लक्षात आल्यावर त्यांच्या चमूने गणितच खेळाडूच्या मनाप्रमाणे वाकवले. ‘एक्सकॉम २’ मध्ये सोप्या पातळ्यांवर नेम लागण्याची खरी शक्यता पडद्यावरील आकड्यापेक्षा जास्त ठेवलेली आहे. काही गेममध्ये जीवशक्तीच्या पट्टीचा शेवटचा तुकडा दिसतो त्याहून अधिक टिकतो, जेणेकरून ‘थोडक्यात वाचलो’ असे वाटावे.

निवडींच्या बाबतीतही तसेच. क्लेमेंटाइन लक्षात ठेवेल, असे सांगितलेल्या अनेक गोष्टींनी कथेत फारसा फरक पडत नाही. खेळाडूंना हे पुढे कळले, काहींना फसवल्यासारखे वाटले. तरीही निवडताना त्यांना जी घालमेल झाली, ती खरी होती.

चांगल्या-वाईट गुणांनी प्रश्न सुटतो का?

उलट तो सपाट होतो. ‘मास इफेक्ट’मध्ये उत्तरांना सज्जन आणि उद्दाम अशा दोन रंगांचे गुण मिळतात. बायोवेअरच्या एका माजी कर्मचाऱ्याने २०२० मध्ये सांगितले, की सुमारे ९२ टक्के खेळाडू सज्जन मार्ग निवडत. उत्तराला निळा रंग दिला की विचार करण्याची गरजच उरत नाही. म्हणूनच ‘पेपर्स, प्लीज’ आणि ‘द विचर ३’सारख्या गेमनी गुणांची पाटी काढून टाकली आणि परिणाम खेळाडूच्या पदरात घातले.

एआय आल्यावर काय बदलेल?

आतापर्यंत गेममधील प्रत्येक वाक्य लेखकाने लिहिलेले असे. २०२४ मध्ये ‘युबिसॉफ्ट’ने खेळाडूशी ऐनवेळी संवाद रचणाऱ्या पात्रांचे प्रात्यक्षिक दाखवले. अशी पात्रे खेळाडूला खूश ठेवण्यासाठी घडवली, तर ती सत्य सांगतील का? एप्रिल २०२५ मध्ये ‘ओपनएआय’ला आपल्या चॅटजीपीटीचा एक बदल मागे घ्यावा लागला, कारण तो वापरकर्त्यांच्या होला हो मिळवत अवाजवी स्तुती करू लागला होता. जोएलच्या खोट्याला निदान एक लेखक होता आणि दुसऱ्या भागात त्याचा हिशेबही झाला. सतत गोड बोलणाऱ्या पात्राच्या खोट्याचा हिशेब कोण करणार, हा पुढचा प्रश्न आहे.

पालकांनी यातून काय घ्यावे?

हे गेम सरसकट मुलांसाठी नाहीत. ‘द लास्ट ऑफ अस’ आणि ‘द विचर ३’ यांना प्रौढांसाठीचे मानांकन आहे, ते पाळावे. पण घरातला तरुण असा एखादा गेम खेळत असेल, तर ‘किती वेळ खेळलास’ याच्या जोडीला ‘तू काय सांगितलेस आणि का’ हेही विचारून पाहावे. तिथे निवड चुकली तर जुन्या टप्प्यावर परतता येते. रुग्णालयाच्या दारात, आजीला निदान सांगावे की नाही अशा वेळी तशी सोय नसते. त्या वेळी उपयोगी पडेल असा प्रश्न मात्र या गेमनी चाळीस वर्षे घोटून घेतला आहे : हे खोटे मी तिच्यासाठी बोलतो आहे, की खरे सांगण्याचा त्रास मला नको आहे म्हणून?