आकडा दाखवा, मग बिल सांगा

मंडळी, आज राजकारण नाही. आज ब्रेक. पोस्ट लांब आहे, पण गाडी असेल आणि घरातल्यांना घेऊन पसरणी किंवा यवतेश्वर घाट उतरत असाल तर वाचा.

गेल्या महिन्यात गाडी सर्व्हिसिंगला टाकली. माझी साधी हॅचबॅक, 46 हजार किलोमीटर झालेली. हायवेलगतचं अधिकृत सर्व्हिस सेंटर, नाव घेत नाही, कारण मुद्दा त्या एकाचा नाही. अकराच्या सुमाराला फोन आला. "सर, पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क दोन्ही बदलावे लागतील. सेफ्टीचा विषय आहे, सर." व्हॉट्सॲपवर एस्टिमेट आलं. पॅडचा सेट 2,350. दोन डिस्क 6,200. मजुरी 1,450. ब्रेक क्लीनिंग 600. झाले 10,600. त्यावर 18 टक्के जीएसटी 1,908. एकूण 12,508 रुपये.

आता "सेफ्टीचा विषय" म्हटलं की माणूस गप्प होतो. बायको शेजारी बसलेली असेल तर जास्तच गप्प होतो. मी फक्त एवढंच विचारलं, "डिस्कची जाडी किती राहिली?"

पलीकडे शांतता. मग, "सर, डिस्क खराब आहे." "खराब म्हणजे किती? किती मिलिमीटर?" "सर, लाइन पडल्यात, कडेला लिप आलाय." "मोजली का?" "सर, आमचे टेक्निशियन अनुभवी आहेत."

असतील. माझे डॉक्टरही अनुभवी आहेत, तरी बीपीचं यंत्र लावल्याशिवाय गोळी देत नाहीत.

फक्त ऑइल बदलून गाडी आणली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या पेठेतल्या मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींनी चाक काढलं. पॅड बाहेर काढून व्हर्नियर लावला. बाहेरच्या पॅडचा मसाला 3 मिमी, आतल्याचा अडीच. नव्या पॅडला हा मसाला साधारण 10 ते 12 मिमी असतो, आणि 3 च्या खाली गेला की बदलायचा. म्हणजे पॅड खरंच संपले होते, तिथे सर्व्हिस सेंटर बरोबर होतं. मग डिस्क. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, हे गाडी चालवणाऱ्या किती जणांना माहीत आहे? माझ्या डिस्कवर 20 मिमी लिहिलेलं होतं. नवी 22 ची. पॅड जिथे घासत नाही त्या कडेला उंचवटा राहतो, तोच तो लिप. व्हर्नियर नुसता लावला तर तो लिपवर टेकतो आणि आकडा जास्त येतो. म्हणून मिस्त्रींनी डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक रुपयाचं नाणं धरलं, वरून मोजलं, नाण्यांची जाडी वजा केली. डावी 21.1, उजवी 21.0. दोन्हींत अजून मिलिमीटरभर जीव. रेषा होत्या, पण नख अडकेल अशा नव्हत्या. ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरत नव्हतं. तडा नव्हता.

पॅड 1,900, ब्रेक ऑइल 300, मजुरी 600. झाले 2,800. पॅड डबाबंद, दुकानाच्या पक्क्या बिलासकट. सुटे, कागदात गुंडाळलेले पॅड स्वस्त मिळतात, पण त्या वाटेला जाऊ नका. जुने पॅड मागून घरी आणलेत, टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलेत.

12,508 आणि 2,800. इथपर्यंत वाचून "सगळे चोर आहेत" असं म्हणणार असाल तर जरा थांबा. कारण दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची आहे.

माझा एक वर्गमित्र, वाईचा. त्यालाही गेल्या वर्षी असंच एस्टिमेट मिळालं होतं, पॅड आणि डिस्कचं. आकडा पाहून गडी भडकला. "लुटायला बसलेत नुसते," म्हणाला आणि काहीच न करता गाडी घरी घेऊन आला. दुसरीकडेही दाखवली नाही. महिनाभराने ब्रेक दाबला की बारीक किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला. तो आवाज कंपनीने मुद्दाम ठेवलेला असतो. बऱ्याच पॅडना पत्र्याची छोटी जीभ असते, मसाला संपत आला की ती डिस्कला घासते आणि ओरडते. गाडी सांगत होती, बाबा, मला बघ. याने गाण्यांचा आवाज वाढवला. (हे त्यानेच हसत हसत सांगितलं. तेव्हा मीही हसलो होतो. आता हसू येत नाही.)

पुढे किंचाळणं थांबलं आणि घरघर सुरू झाली. त्याला वाटलं, बरं झालं. बरं कसलं? पॅडचा मसाला संपून मागची लोखंडी पाटी थेट डिस्कवर घासत होती. पाचगणीहून उतरताना, गाडीत आई-वडील, बायको, पोरगी. पसरणी घाटाच्या मध्यावर एका वळणाआधी पाय दाबला आणि पेडल थेट खाली. पॅड इतका झिजला होता की कॅलिपरचा पिस्टन मर्यादेबाहेर आला आणि सील सुटून ऑइल गळालं. नशिबाने गाडी वेगात नव्हती. हँडब्रेक ओढला, गिअर खाली टाकला आणि गाडी डोंगराकडच्या गटारात घातली. कुणाला खरचटलंही नाही. काकूंनी मात्र त्यानंतर पाचगणीचं नाव काढलेलं नाही. खर्च? दोन डिस्क, पॅड, एक कॅलिपर, बंपर, ओढून आणायचं भाडं. 20 हजारांच्या वर. दोन-अडीच हजारांत भागलं असतं. काट्याचा नायटा म्हणतात तो हाच.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. मला न मोजता डिस्क विकायला निघाले होते. त्याला कदाचित खरंच गरज होती, पण त्याने विश्वास ठेवला नाही. का ठेवला नाही? कारण आधी दोनदा त्याला गरज नसलेलं काही ना काही लावलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि ब्रेकच्या बाबतीत त्याने ताक फुंकलं नाही, पेलाच फेकून दिला. न मोजता छापलेलं एस्टिमेट फक्त खिसा कापत नाही, ते खऱ्या इशाऱ्याची किंमत घालवतं. आपल्या घाटांत ती किंमत माणसांच्या जिवाची आहे.

कोण म्हणेल, किलोमीटरवरून कळतं की. नाही कळत. पुढचे पॅड 30 ते 50 हजार किलोमीटर जातात असं ढोबळ म्हणतात, पण फलटणच्या सपाटीवर चालणारी गाडी आणि महाबळेश्वर-वाई रोज करणारी टॅक्सी यांचे किलोमीटर सारखे असले तरी पॅड सारखे नसतात. पुण्यात सिग्नलला चालणारी गाडी आणखी वेगळी. चाकाच्या फटीतून टॉर्च मारला तर बाहेरचा पॅड दिसतो, तेवढं तरी घरी करा, पण आतला पुष्कळदा आधी झिजतो आणि तो दिसत नाही. चाक काढून मोजणं, याला दुसरा उपाय नाही. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. एक सांगून ठेवतो, पावसाळ्यात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन ब्रेकला खर्र करते, तो डिस्कवरचा गंज असतो. त्याला घाबरून कुणी तुम्हाला डिस्क विकू नये.

ब्रेक ऑइलचं तर कुणी विचारतच नाही. ते हवेतला ओलावा पितं. नवं डॉट-3 ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पुरेसं पाणी प्यायलं की तीच मर्यादा 140 पर्यंत खाली येते. घाटात सारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की कॅलिपर तापतो, आत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ऑइलसारखा जोर पुढे नेत नाही. पेडल मऊ पडतं. म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. तीनशे रुपयांची गोष्ट. शनिवार-रविवारी संध्याकाळी घाटाच्या पायथ्याला वाईत उभं राहा, उतरलेल्या गाड्यांच्या चाकांतून जळका वास येतो. चौथ्या गिअरमध्ये, काही तर न्यूट्रलमध्ये उतरलेल्या असतात. पेट्रोल वाचवतात म्हणे.

आता सरकारकडे वळतो. माझ्या गाडीची पीयूसी दरवर्षी काढावी लागते. नसली तर दंड 10 हजारांपर्यंत. काढायलाच पाहिजे, धुराबद्दल तक्रार नाही. पण पांढऱ्या पाटीच्या गाडीची नोंदणी एकदा झाली की 15 वर्षं चालते, आणि त्या 15 वर्षांत तिचे ब्रेक तपासून घ्या असं कायदा एकदाही म्हणत नाही. पिवळ्या पाटीच्या गाडीला पहिली 8 वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस आहे. तो कसा होतो यावर वेगळी पोस्ट होईल, पण निदान कागदावर तरी आहे. खासगी गाडीला सोळाव्या वर्षापर्यंत कुणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये गाडीला तीन वर्षं झाली की दरवर्षी तपासणी सक्तीची आहे, त्यात ब्रेक मशिनवर घालून बघतात. आपल्याकडे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. धूर मोजतो, ब्रेक मोजत नाही.

आणि मग अपघात झाला की बातमी छापून येते, "ब्रेक फेल झाल्याने." जणू ब्रेकला झटका आला. 20 नोव्हेंबर 2022 ला पुण्यात नवले पुलावर एका ट्रकने चाळीसहून जास्त गाड्या ठोकल्या, तेव्हाही पहिल्या दिवशी ब्रेक फेलच होतं. पुढे तपासात आलं की उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती. सर्वोच्च न्यायालयाने तर 1977 सालीच एका निकालात म्हटलंय की यांत्रिक बिघाडाचं कारण सांगायचं असेल तर वाजवी काळजी घेऊनही तो दोष सापडणार नव्हता, हे गाडीमालकाने सिद्ध करायचं. चार महिने किंचाळणारा पॅड यात कुठे बसणार?

खर्चाचं म्हणाल तर तो थोडा हलका झालाय, हे मान्य करायला हवं. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. चांगलं झालं. पण न लागणाऱ्या डिस्कवरचा कर कमी झाला म्हणून ती डिस्क लागणारी होत नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. सर्व्हिस सेंटर असो की पेठेतलं गॅरेज, ब्रेकला हात लावलाच तर बिलावर चारच आकडे लिहा: डावा-उजवा पॅड, डावी-उजवी डिस्क, मिलिमीटरमध्ये. शेजारी डिस्कवर कोरलेली किमान जाडी. जुना माल गिऱ्हाईकाला परत. किमान जाडीच्या खाली गेली असेल, तडा असेल, खोल खाचा असतील, स्टिअरिंग थरथरत असेल, तर डिस्क बदला म्हणून सांगा, आम्ही निमूट पैसे देऊ, आणि दोन्ही बाजूंच्या जोडीनेच बदलू. एक बाजू बदलून चार पैसे वाचवायला गेलात तर गाडी ब्रेकला एकीकडे ओढेल. काही चांगले मिस्त्री आणि काही सेंटर हे आकडे आधीपासून लिहितात, त्यांना हे वाचून राग यायचं कारण नाही.

आणि दुसरं मागणं आरटीओकडे. दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान होतं. उसाच्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, चालकांचे डोळे तपासतात, गुलाबाचं फूल देतात. फूल राहू द्या. त्याऐवजी वाई आणि साताऱ्यात दोन दिवस जॅक, पाना आणि व्हर्नियर घेऊन बसा, आयटीआयची मोटार मेकॅनिकची पोरं मदतीला घ्या, येईल त्या खासगी गाडीचं एक पुढचं चाक काढून आकडा चिठ्ठीवर लिहून द्या. विकायचं काही नाही, फक्त आकडा. सल्ला देणाऱ्याला मालच विकायचा नसेल तर लोक ऐकतात. या आशयाचं पत्र मी परवा आरटीओ कार्यालयात दिलंय, पोच घेतली आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो.

मित्राची गाडी आता ठीक आहे. परवा फोन आला होता, पोरीच्या शाळेची सहल पाचगणीला जाणार आहे, बसने. म्हणाला, शाळेत जाऊन बसच्या ब्रेकचं विचारलं तर लोक वेडा म्हणतील का रे? मी म्हटलं, म्हणू देत. सोमवारी दोघंही जाणार आहोत.