सब घोडे बारा टक्के

बँकेत खर्डेघाशी करणारा माणूस एक गोष्ट छातीठोकपणे सांगू शकतो. प्रत्येक कपाटाचा क्रम वेगळा असतो. सह्यांची कार्डं खातेक्रमांकाने, वाउचरं दिवसवारीने, मुदत ठेवी देय तारखेने. मुदत ठेवी आडनावांप्रमाणे लावल्या, तर आगाश्यांचं व्याज वेळेवर निघेल आणि क्षीरसागरांचं पुढच्या दिवाळीला!

हे आमच्या शिपायालाही कळतं. पण संगणकाच्या फोल्डरांचा प्रश्न आला की भल्याभल्यांचं डोकं फिरतं. एक पंथ म्हणतो, सगळे फोल्डर नावाने लावा. दुसरा म्हणतो, सगळे तारखेने. सब घोडे बारा टक्के!

नावाचं घ्या. बारा महिन्यांच्या फायलींना इंग्रजीत नावं दिली, की पहिला एप्रिल येतो. वा! यंत्राला आर्थिक वर्ष कळतं तर! पण दुसरा येतो ऑगस्ट, तिसरा डिसेंबर आणि ज्याच्या धाकाने आमचे केस पिकले, तो मार्च आठवा! म्हणून शहाण्याने नावातच आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घालावा. आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ पासून हेच सांगतंय. आपण मात्र अजून दिवसापासून सुरुवात करतो आणि सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र नांदवतो.

तारीखवाल्यांची तऱ्हा निराळी. त्यांची लाडकी तारीख म्हणजे 'डेट मॉडिफाइड', फायलीला शेवटचा हात लागला ती. २०११ च्या पत्रात आज एक स्वल्पविराम घालून जपून ठेवा, ते टुणकन उडी मारून सगळ्यांच्या डोक्यावर बसतं. हा कसला कालक्रम? ही तर बढतीची यादी! जो साहेबांच्या नजरेस पडला तो वर.

'सर, क्रम हवाच कशाला? सर्च मारा!' असं आमच्याकडचा संगणकवाला मुलगा म्हणतो. अरे बाबा, शोधायला नाव आठवावं लागतं! सर्च म्हणजे पोर हरवल्यावरची पोलीस चौकी. पोर रोज सातच्या आत घरात यावं, याला क्रम म्हणतात.

वास्तविक यंत्र एवढं अडाणी नाही. विंडोज फोल्डरांच्या पाच जाती मानते: सर्वसाधारण, कागदपत्रं, चित्रं, संगीत आणि व्हिडिओ. पोटात काय आहे ते हुंगून ती जात ठरवते. न पटल्यास 'प्रॉपर्टीज'मधल्या 'कस्टमाइझ'मध्ये जाऊन बदलता येते. (जात बदलण्याची इतकी सोपी सोय मी अन्यत्र पाहिलेली नाही.) रिकाम्या जागी उजवं बटण दाबून 'सॉर्ट बाय' निवडलं, की त्या फोल्डराचा क्रम त्याच्यापुरता लक्षात राहतो. २०१९ साली विंडोज १० ने 'डाउनलोड्स'मध्ये आज, काल, गेला आठवडा असे गट पाडले. ज्यांना नको, त्यांनी 'ग्रुप बाय'मध्ये 'नन' म्हणावं. भांडण संपलं!

आमच्या घरी कागदपत्रं नावाने लागतात. फोटो 'डेट टेकन'ने लागतात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या तारखेने. त्यामुळे मुंज लग्नाच्या आधी येते. आणि नातेवाइकांकडून आलेले सुप्रभातचे व्हिडिओ मात्र मी आकाराने लावतो. सगळ्यांत लठ्ठ ते वर येतात, पुसायला बरे पडतात.