आधी थांबणे, मग धावणे

अमेरिकेतील एखाद्या घरामागच्या गॅरेजमध्ये एक मोटार हळूहळू आकार घेत असते. तिच्या अंगावरचा पत्रा १९२९ च्या फोर्ड ‘मॉडेल ए’चा असतो, त्याखालचा सांगाडा १९३२ च्या फोर्डचा. गिअरबॉक्स १९३९ चा, ब्रेक १९४० चे आणि इंजिन १९५० च्या मर्क्युरीचे. स्टिअरिंगची पेटी तर एखाद्या जुन्या मालवाहू गाडीतून काढलेली. या मोटारीचे जन्मवर्ष कोणते म्हणावे, आणि तिचा निर्माता कोण? नोंदणी कार्यालयातील अधिकारी, विमा प्रतिनिधी आणि कुंपणावरून डोकावणारा शेजारी या तिघांनाही हा प्रश्न पडतो. प्रामाणिक उत्तर एकच आहे. ज्या हातांनी हे भाग जुळवले, तेच हात तिचे निर्माते होत.

अशा मोटारीला ‘हॉट रॉड’ म्हणतात. नावात उष्णता आहे, रूपात आक्रमकता आहे आणि आवाजात गर्जना आहे. त्यामुळे हा केवळ वेगवेड्या तरुणांचा उद्योग असावा, असा समज सहज होतो. तो पूर्णपणे खोटा नाही, पण अपुरा आहे. घरी बांधलेली हॉट रॉड आदरास पात्र ठरते ती वेगामुळे नव्हे, तर संयमामुळे. कापण्यापूर्वी थांबणे, धावण्यापूर्वी थांबणे आणि खर्च करण्यापूर्वी थांबणे या तीन ठिकाणी तिचा बांधणारा कसा वागतो, यावर तिचे खरे मोल ठरते.

काटकसरीतून जन्मलेला छंद

या छंदाचा उगम श्रीमंतीत नाही. फोर्ड ‘मॉडेल टी’ १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने तयार झाली. त्यानंतर ‘मॉडेल ए’ आली आणि १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा मोटारीत आठ सिलिंडरचे, ‘व्ही’ आकाराचे इंजिन बसवले. २२१ घनइंचांचे हे इंजिन ६५ अश्वशक्तीचे होते. महामंदीच्या त्या वर्षांत नवी मोटार घेणे अनेकांच्या आवाक्याबाहेर होते, परंतु जुन्या फोर्ड भंगारवाड्यात थोडक्या पैशांत मिळत. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी त्या घेतल्या आणि वजन घटवण्यासाठी मडगार्ड, टप व दर्शनी काच उतरवली. मग या मोटारी घेऊन ते म्युरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळावर वेग अजमावू लागले. अशा मंडळांना एकत्र आणणारी ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ १९३७ मध्ये स्थापन झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाला बहर आला. सैन्यातून परतलेल्या अनेकांच्या हाती यंत्रकामाचे कौशल्य होते आणि युद्धाचे शिल्लक साहित्य स्वस्तात विकले जात होते. बिल बर्क यांनी १९४६ मध्ये लढाऊ विमानाच्या जादा इंधनटाकीलाच मोटारीचे शरीर केले. वाऱ्याला कमीत कमी अडथळा होईल असा तो आकार विमानाच्या रचनाकारांनी आधीच घडवलेला होता. एकाने टाकलेली वस्तू दुसऱ्याच्या कामाची कशी होते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

परंतु याच काळात रात्रीच्या रस्त्यांवर जीवघेण्या शर्यती होऊ लागल्या आणि हॉट रॉड हा शब्द उपद्रवाचा पर्याय बनला. कायद्याचा बडगा उगारला जाणे स्वाभाविक होते. या छंदाचे भाग्य असे, की सुधारणेची मागणी त्याच्या आतूनच आली. जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिस येथे हॉट रॉडचे प्रदर्शन भरले आणि त्याच महिन्यात ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक निघाला. पुढे या मासिकाचे संपादन करणारे वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. रस्त्यावरची शर्यत बंदिस्त धावपट्टीवर न्यावी, मोटारीची आधी तपासणी व्हावी आणि नियम सर्वांना सारखे असावेत, हा तिचा आग्रह होता. समाजाचा विश्वास मागून मिळत नाही, तो वर्तनाने मिळवावा लागतो, हे या मंडळींनी वेळीच ओळखले.

कापण्यापूर्वी

आज या छंदापुढे जो पहिला प्रश्न उभा आहे, तो त्या काळी नव्हता. १९४० च्या दशकात १९३२ ची फोर्ड ही दहा-पंधरा वर्षे वापरलेली जुनी गाडी होती. ती कापली म्हणून कोणाचे काही बुडत नव्हते. आज तीच मोटार शतकाच्या उंबरठ्यावर आहे. आजोबांच्या काळात जी काटकसर होती, ती नातवाच्या काळात विध्वंस ठरू शकते.

मूळ स्थितीतील मोटारींचे जतन करणाऱ्यांचा आक्षेप म्हणूनच गांभीर्याने घ्यावा लागतो. जी मोटार आपल्या मूळ सांगाड्यासह आणि इंजिनासह अखंड उभी आहे, ती एका कारखान्याची आणि काळाची साक्ष आहे. एकदा करवत चालली की ती साक्ष परत मिळत नाही. याउलट हॉट रॉडच्या पुरस्कर्त्यांचेही म्हणणे रास्त आहे. शेताच्या बांधावर गंजलेले एकटे शरीर, कुणाच्या माळ्यावर पडलेला गिअरबॉक्स, इंजिन हरवलेला सांगाडा यांना मूळ रूप परत देणे बहुधा अशक्य असते. त्यांच्यापुढे दोनच वाटा उरतात, वितळणारी भट्टी किंवा नवी जुळणी.

या वादातून निघणारा न्याय्य नियम सोपा आहे. जे अखंड आहे ते कापू नये, जे विखुरले आहे ते जोडावे. आज १९३२ च्या फोर्डसारखी पोलादी शरीरे व सांगाडे नव्याने तयार होतात, फायबरग्लासचीही मिळतात. त्यामुळे अखंड मोटारीवर करवत चालवण्याचे समर्थन आता आणखी दुबळे झाले आहे. घरगुती बांधणाऱ्याने खरी शोधाशोध करावी ती अनाथ भागांची.

धावण्यापूर्वी

निरनिराळ्या वर्षांचे भाग एकत्र आणणे म्हणजे केवळ नट-बोल्ट आवळणे नव्हे. प्रत्येक भाग त्याच्या मूळ मोटारीतील इतर भागांना गृहीत धरून घडवलेला असतो. हे गृहीतक मोडले की त्याची भरपाई बांधणाऱ्यालाच करावी लागते. १९४८ पर्यंतच्या फोर्डमध्ये मागील चाकांचा रेटा एका बंद नळीतून पुढे सांगाड्याकडे येत असे, १९४९ पासून ती नळी गेली आणि शाफ्ट उघडा झाला. नवा गिअरबॉक्स जुन्या आसाला जोडताना हा रेटा आता कोणत्या भागाने पेलायचा, याचे उत्तर आधी कागदावर द्यावे लागते. १९४९ पासूनच इंजिन व गिअरबॉक्स यांना जोडणारे घंटेच्या आकाराचे आवरण इंजिनापासून सुटे झाले. म्हणून नंतरच्या इंजिनाला आधीचा गिअरबॉक्स लावताना मध्ये योग्य आवरण शोधावे लागते. फोर्डची विद्युतव्यवस्था १९५५ पर्यंत सहा व्होल्टची होती, १९५६ पासून ती बारा व्होल्टची झाली. सहा व्होल्टचा दिवा बारा व्होल्टवर लावला तर तो क्षणभर झगमगून कायमचा विझतो.

दिवा विझला तर नवा आणता येतो, ब्रेकची चूक मात्र भरून निघत नाही. १९३२ च्या फोर्डला सळयांनी ओढले जाणारे यांत्रिक ब्रेक होते. इतर काही कंपन्यांनी द्रवदाबाचे ब्रेक स्वीकारल्यावरही हेन्री फोर्ड बराच काळ राजी नव्हते, फोर्डमध्ये ते १९३९ मध्ये आले. म्हणूनच नंतरच्या वर्षांचे ब्रेक जुन्या सांगाड्यावर चढवणे ही हॉट रॉडच्या इतिहासातील सर्वांत शहाणी अदलाबदल म्हणावी लागेल. तिच्यामागचे गणित शाळेतलेच आहे. गती दुप्पट झाली की मोटारीतील गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी ४० मैलांवर थांबणारी मोटार ताशी ८० मैलांवर न्यायची असेल, तर ब्रेकना दुप्पट नव्हे, चौपट ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. इंजिनाची ताकद वाढवून ब्रेक तेच ठेवणारा माणूस धाडसी नसतो, त्याचे गणित कच्चे असते.

१९४० चे ब्रेकही आज पुरेसे समजू नयेत. त्यांतील द्रवाचा मार्ग एकच असतो. एक रबरी नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. पुढच्या व मागच्या चाकांसाठी स्वतंत्र मार्ग असलेली रचना अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस सक्तीची झाली. ती बाह्यतः जुन्या दिसणाऱ्या मोटारीतही लपवून बसवता येते. जुन्या आसांतील डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म तडे तपासून घेणे, स्टिअरिंगच्या दांड्यांची लांबी व कोन नीट जुळवणे, आसनाचा पट्टा पातळ पत्र्याला न बांधता सांगाड्याला बांधणे, ही कामे प्रदर्शनात कोणाच्या नजरेस पडत नाहीत. चकचकीत रंग मात्र सर्वांना दिसतो. जो बांधणारा न दिसणाऱ्या कामाला आधी वेळ देतो, त्याच्याच मोटारीत लेकराबाळांना बसवावे.

खर्च करण्यापूर्वी

घरगुती हॉट रॉडचे एक मोठे आकर्षण म्हणजे ती एकदम विकत घ्यावी लागत नाही. या महिन्यात आस, पुढच्या महिन्यात चाके, दिवाळीनंतर इंजिन, अशी ती आवर्ती ठेवीसारखी साठत जाते. परंतु आवर्ती ठेवीला मुदत व परतावा ठरलेला असतो, या मोटारीला दोन्ही नसतात. अर्धवट राहिलेली जुळणी बहुधा तिच्यावर झालेल्या खर्चाच्या मानाने फारच स्वस्तात विकली जाते. पूर्ण झालेल्या मोटारीतूनही घातलेले पैसे परत मिळतीलच, असे नाही. श्रमाचे मोल तर कोणी मोजतच नाही. तिला गुंतवणूक म्हणणे ही स्वतःची फसवणूक होय, तो छंदाचा खर्च आहे आणि घरखर्च व बचत बाजूला काढून उरलेल्या पैशांतूनच तो व्हावा. त्यासाठी कर्ज काढणे शहाणपणाचे नाही. ज्या वस्तूचे मूल्य बाजाराला एकमताने सांगता येत नाही, तिच्या भरवशावर निश्चित हप्त्यांचे ओझे घेऊ नये.

कागदपत्रांचेही तसेच आहे. कॅलिफोर्नियात अशी मोटार ‘विशेष बांधणीचे वाहन’ म्हणून नोंदवली जाते. त्यासाठी भागांच्या खरेदीच्या पावत्या दाखवाव्या लागतात आणि सुरक्षिततेची तपासणी करून घ्यावी लागते. पहिल्या दिवसापासून पावत्यांची धारिका नीट लावणारा माणूस अखेरीस सुखी असतो. चोरीचा भाग अजाणतेपणी का होईना, मोटारीत शिरला की वर्षांचे श्रम एका क्षणात संशयास्पद होतात. कारखान्यातून वर्षानुवर्षे एकेक भाग पळवून मोटार जुळवणाऱ्या कामगाराची गंमत जॉनी कॅश यांच्या १९७६ च्या एका गाण्यात आहे. ती ऐकायला मौजेची आहे, अनुकरणाला नव्हे.

भारतीय वाचकाला साहजिकच वाटेल, की हे तर आपले ‘जुगाड’. साम्य आहे, पण फरक मोठा आहे. जुगाडाला आजची गरज भागली की पुरे, चांगल्या हॉट रॉडचा बांधणारा उद्याचा धोकाही मोजतो. शिवाय भारतात कायद्याची चौकट निराळी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच भूमिकेला दुजोरा दिला. निरनिराळ्या मोटारींचे भाग जोडून ती रस्त्यावर आणण्याचा मार्ग त्यामुळे येथे जवळजवळ बंद आहे. मात्र दुसरा मार्ग खुला आहे. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न झालेल्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वतंत्र नोंदणीची सोय केली. अशा वाहनांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. नित्याच्या वा व्यावसायिक वापराला मात्र परवानगी नसते. वडिलांची फियाट किंवा आजोबांची स्कूटर मूळ रूपात पुन्हा उभी करणाऱ्याला हेच कौशल्य, हीच चिकाटी आणि हाच हिशेब लागतो.

देश कोणताही असो, बांधलेल्या वाहनाची पहिली परीक्षा मोकळ्या रस्त्यावर घ्यावयाची नसते. इंजिन बंद ठेवून, दोघांनी ढकलत ते अंगणाच्या किंचित उतारावर आणावे आणि पायाखालची पट्टी दाबावी. वाहन जागच्या जागी थांबले, तरच किल्लीला हात लावण्याचा अधिकार प्राप्त होतो.