उस्तादाची उजळणी कोण घेणार?

नांदुरा हे मुंबई-हावडा लोहमार्गावरचे आणि सुरत-नागपूर महामार्गावरचे तालुक्याचे गाव. खारपाणपट्ट्यातली शेती, कापूस-सोयाबीनचा भरवसा नाही, कारखानदारी नावापुरती. त्यामुळे दहावी-बारावी झालेला बौद्ध, मातंग, मुस्लिम, ओबीसी घरातला पोरगा आधी पोलीस भरतीच्या मैदानावर धावतो. तिथे नंबर लागला नाही की पिशवी भरून स्टेशन गाठतो. मुंबई, पुणे, सुरत इथे त्याला हमखास मिळणारी नोकरी एकच, सिक्युरिटी गार्डची. साध्या गार्डपेक्षा ‘गनमन’ला पगार जास्त. म्हणून बंदूक हाती घ्यायची तयारीही तो दाखवतो.

या पोराला बंदूक शिकवतो कोण? पोलीस आणि लष्करात शिकवणाऱ्याला ‘उस्ताद’ म्हणतात. हा उस्ताद कधीकाळी शिकला, त्याला प्रमाणपत्र मिळाले, तो शिकवू लागला. त्यानंतर त्याचे ज्ञान ताजे आहे की नाही, हे कोणी तपासले? शाळेत मास्तर पोरांकडून पाढ्यांची उजळणी करून घेतात. बंदुकीच्या शाळेत उस्तादाची उजळणी कोण घेणार? प्रश्न किरकोळ वाटेल, पण तो माणसाच्या जिवाचा आहे.

आधी कायदा पाहू. खाजगी सुरक्षा रक्षक संस्थांवर नियंत्रण ठेवणारा केंद्रीय कायदा २००५ साली झाला. २००६ च्या आदर्श नियमांनी गार्डच्या प्रशिक्षणाचे तास ठरवले. वर्गात १०० तास, मैदानावर ६० तास, आणि हे सर्व किमान २० कामाच्या दिवसांत. माजी सैनिक व माजी पोलिसांना सवलत, ४० तास आणि १६ तास, सात दिवसांत. त्या अभ्यासक्रमात शस्त्र हाताळणीचा विषय आहे, पण तो ऐच्छिक! पुढे २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्या सामान्य नागरिकालाही सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आवश्यक केले. ही चांगलीच गोष्ट झाली. संस्थेचा परवाना पाच वर्षांचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र परवानाही पाच वर्षांचा झाला. म्हणजे कागदाला मुदत आहे. मग शिकवणाऱ्याच्या ज्ञानाला मुदत नको काय?

कोणी म्हणेल, बंदूक तीच, चाप तोच, काडतूस तेच. त्यात नवीन काय शिकायचे? नवीन पुष्कळ आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाचा हक्क आधी कलम ९६ ते १०६ मध्ये होता, आता तो ३४ ते ४४ मध्ये आहे. बेकायदा जमाव पांगवण्याचे फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम १२९ आता नागरिक सुरक्षा संहितेत १४८ झाले. नुसते आकडे बदलले असे म्हणून हे सोडून देता येणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीने लग्न-वरातीत, मिरवणुकीत निष्काळजीपणे गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. एका माणसाला बाळगता येणारी शस्त्रे तीनवरून दोनवर आली. वीस वर्षांपूर्वी प्रमाणपत्र घेतलेला उस्ताद यातले काय शिकवील? जे त्याला शिकवले होते तेच. आणि त्याचा विद्यार्थी कोर्टात उभा राहील तेव्हा ‘मला उस्तादाने असेच शिकवले होते’ हे उत्तर कोणी ऐकून घेणार नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. असे वर्ग बहुधा निवृत्त जवान घेतात. त्यांच्या शौर्याबद्दल, शिस्तीबद्दल शंका नाही. परंतु सैनिकासमोर शत्रू असतो, गार्डसमोर नागरिक असतो. बँकेच्या दारात दुनळी घेऊन बसलेल्या गार्डला पोलिसाचे अधिकार नाहीत, सैनिकाचे तर नाहीतच. कायद्याने त्याला दिला आहे तो फक्त तुम्हा-आम्हाला असलेला स्वसंरक्षणाचा हक्क. गोळी केव्हा झाडायची यापेक्षा केव्हा झाडायची नाही, हे त्याने आधी शिकले पाहिजे. सीमेवर शिकलेला धडा बँकेच्या दारात जसाच्या तसा चालत नाही. तो बदलून शिकवायला उस्तादाने आधी स्वतः नव्याने शिकावे लागते.

सरकारी दलांची स्थितीही फार वेगळी नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर राज्य सरकारने राम प्रधान समिती नेमली. सरावासाठी पुरेसा दारूगोळा मिळत नसल्याने पोलिसांचा गोळीबाराचा सराव मागे पडल्याची बाब तेव्हा चव्हाट्यावर आली. ज्या शहराच्या रक्षणासाठी कोट्यवधींच्या घोषणा होतात, त्या शहराच्या पोलिसाला चांदमारीसाठी काडतूस मिळू नये! सराव नसलेल्या हाताला दोष देणे सोपे आहे. त्या हातात काडतूस न देणाऱ्याला दोष कोण देतो?

परंतु आमच्या समाजाला या प्रश्नाची दुसरी बाजूही ठाऊक आहे, आणि ती रक्ताने लिहिलेली आहे. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापून रस्त्यावर आलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा जणांचा बळी गेला. गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ साली सत्र न्यायालयाने फौजदार मनोहर कदम याला जन्मठेप सुनावली. नंतर उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला. त्या दिवशी निशाण चुकले असे कोण म्हणेल? बंदूक चालवता येत नव्हती म्हणून माणसे मेली नाहीत. समोरचा जमाव हा आपल्याच देशाचा नागरिक आहे, ही जाणीव नव्हती म्हणून मेली. ३१ जुलै २०२३ रोजी जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायावर आपला अधिकारी आणि तीन मुस्लिम प्रवासी यांना गोळ्या घातल्याचा आरोप झाला. तिथेही शस्त्र चालवण्याचे कसब कमी पडले नव्हते.

म्हणून उजळणी म्हणजे वर्षातून एकदा पाच गोळ्या झाडून सही करणे नव्हे. तिच्यात निशाणाइतकाच कायदा हवा, कायद्याइतकेच संविधान हवे, आणि हातात शस्त्र असलेल्या माणसाची मनःस्थिती ओळखण्याचे शिक्षण हवे. आणि ‘प्रशिक्षण कमी पडले’ ही सबब पुढे करून कोणालाही द्वेषावर पांघरूण घालू देता कामा नये.

हे करता येत नाही काय? अमेरिकेत बंदुकीचा सुळसुळाट आहे, तिथली संस्कृती आपल्याला नको. पण त्याच देशातल्या फ्लोरिडा राज्यात सशस्त्र गार्डला आधी २८ तासांचे आणि मग दरवर्षी चार तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. शिकवणाऱ्याच्या परवान्यालाही मुदत आहे. नूतनीकरण करताना आपण खरोखर वर्ग घेतले आहेत किंवा आपले प्रशिक्षक-प्रमाणपत्र चालू आहे, याचा पुरावा त्याला द्यावा लागतो. बंदुकांनी बरबटलेल्या देशाला जे समजते ते आपल्याला समजू नये?

आपल्याकडे परंपरा नाही असेही नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांनी आधी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकवण्याचे शिक्षण घेतले, मग शिकवले. ज्या महूला बाबासाहेबांचा जन्म झाला, तिथेच आज भारतीय लष्कराची इन्फन्ट्री स्कूल ही संस्था आहे. सेनादल आपल्या शिकवणाऱ्यांना शिकवण्यासाठी एवढी संस्था चालवते. ज्या समाजाची सैन्यभरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली, त्याला १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंटच्या रूपाने पुन्हा शस्त्र मिळाले. त्यामागे बाबासाहेबांचा लढा होता. शस्त्र धरण्याचा हक्क आम्ही फुकट मिळवलेला नाही. ते अर्धवट शिकून धरणे आम्हाला परवडणारे नाही.

मागण्या साध्या आहेत. शस्त्र शिकवणाऱ्याच्या प्रमाणपत्राला मुदत असावी आणि ती संपताच चांदमारीवर व कायद्याच्या पेपरात त्याची फेरपरीक्षा व्हावी. सशस्त्र गार्डची उजळणी दरवर्षी व्हावी. तिचा खर्च संस्थेने करावा आणि त्या दिवसाचा पगार कापू नये. मान्य प्रशिक्षकांची यादी, त्यांच्या शेवटच्या फेरपरीक्षेच्या तारखेसह, जिल्हा पोलीस कार्यालयात लावावी. खर्चाचे रडगाणे गाणाऱ्या संस्थांनी आपण ग्राहकाकडून गनमनचे किती घेतो आणि गनमनला किती देतो, हा हिशेब आधी मांडावा.

तोपर्यंत नांदुरा, मलकापूर, खामगावच्या तरुणांनी एक करावे. क्लासची फी भरण्याआधी शिकवणाऱ्याला विचारावे, ‘उस्ताद, तुम्ही शेवटचे केव्हा शिकलात?’ उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो. गोळी सुटली तर तुरुंगात जातो गार्ड, मरतो रस्त्यावरचा माणूस. दोघेही बहुधा आपल्याच वस्तीतले असतात. उस्ताद मात्र पुढची बॅच घेत असतो.