काविळीची माळ आणि पहिले चोवीस तास

पाऊस लागला की काविळीचं औषध देणाऱ्यांच्या दारात गर्दी वाढते. कुणी मनगटावर डाग देतो, कुणी नाकात पाल्याचा रस पिळतो, कुणी गळ्यात माळ घालतो. ही माळ जवळून पाहण्यासारखी असते. ओल्या काड्यांचे छोटे छोटे तुकडे आणि प्रत्येक तुकड्याभोवती आवळलेला दोरा. काड्या वाळून बारीक होतात, वेढे सैल पडतात आणि आत अडकलेला दोरा मोकळा होतो. काही दिवसांत माळ छातीवरून पोटापर्यंत येते आणि घरचे सुटकेचा निःश्वास सोडतात: कावीळ उतरली!

बहुतेकांची ती खरोखरच उतरलेली असते. हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू दूषित पाण्या-अन्नातून येतात आणि बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत शरीरच त्यांना हटवतं. श्रेय माळेला मिळतं. ‘घातली तर बिघडलं काय?’ असं विचारणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो, रक्त तपासलं का?

घरात गर्भवती असेल तर हा प्रश्न जिवाचा आहे. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर यकृत झपाट्यानं निकामी होऊ शकतं. अनेक साथींमध्ये अशा दर चार-पाच जणींमागे एक दगावली आहे. तिचे डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. माळेसाठी एक दिवसही घालवायचा नाही.

पाणी नुसतं स्वच्छ दिसून भागत नाही. 1955च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचं पाणी उपसण्याच्या ठिकाणी सांडपाणी शिरलं. क्लोरिन वाढवल्यामुळे टायफॉइड आटोक्यात राहिला, पण काविळीचा विषाणू त्यातूनही निसटला आणि सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. तो ई होता, हे पुढे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कळलं. आपल्याकडे 2012 मध्ये इचलकरंजीनं अशीच साथ सोसली. जलवाहिनी गटारालगत फुटली की नगरपालिकेला जाब विचारायलाच हवा, पण दुरुस्ती होईपर्यंत पाणी खळखळून उकळूनच प्यायला हवं. ए वर लस मिळते. ई ची लस आपल्या लसीकरणाच्या वेळापत्रकात नाही.

मला खरी धास्ती वाटते ती बहुतेकदा डोळे पिवळे न करणाऱ्या विषाणूंची. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात. वापरलेली सुई, न बदललेलं ब्लेड, गोंदणाची तीच ती सुई, आणि बी च्या बाबतीत शरीरसंबंध व बाळंतपणही. माणूस वीस-तीस वर्षं धडधाकट हिंडतो आणि मग पोटात पाणी होतं, सिरॉसिस किंवा यकृताच्या कर्करोगाचं निदान होतं. सी वर लस नाही, पण साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंच्याण्णवहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. एकत्र जेवल्यानं, मिठी मारल्यानं बी किंवा सी होत नाही. घरात बी चा रुग्ण असेल तर त्याचं ताट वेगळं करू नका. बाकीच्यांची तपासणी करा आणि लस टोचून घ्या. बी ची लस हिपॅटायटिस डी लाही रोखते, कारण डी ला जगायला बी लागतो.

बी चा संसर्ग प्रौढपणी झाला तर शंभरातल्या पाचांहून कमी जणांत तो कायमचा राहतो. जन्मताना आईकडून झाला तर शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांत राहतो. म्हणून बी च्या लसीचा पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांत द्यायचा असतो, आणि इथेच आपण कमी पडतो. बीसीजी वर्षभरात, पोलिओचा पहिला डोस पंधरा दिवसांत चालतो; त्यामुळे ‘लसीकरणाच्या दिवशी सगळं एकदम देऊ’ ही सवय पडली आहे. त्यात एक कुपी दहा बाळांची. शनिवारी रात्री एकच बाळंतपण झालं तर नऊ डोस वाया जातील म्हणून कुपी उघडायला हात धजत नाही. ही भीती निराधार आहे. नीट थंड ठेवली तर उघडलेली कुपी 28 दिवस वापरता येते, असं सरकारचंच धोरण सांगतं. प्रत्येक प्रसूतिगृहातल्या फ्रिजवर हे ठळक अक्षरांत चिकटवायला हवं.

गरोदरपणात आईची बी ची तपासणी करून घ्या. ती पॉझिटिव्ह असेल तर बाळाला लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन लागतं. ते आयत्या वेळी मिळेलच असं नाही, म्हणून रुग्णालयाशी आधीच बोलून ठेवा. अंगावर पाजायला हरकत नाही. आणि पेढे वाटायला निघालेल्या बाबांनी, आजीनं आधी सिस्टरांना विचारावं, ‘काविळीची लस टोचली का, किती वाजता?’ उत्तर ‘सोमवारी या’ असं आलं, तर तिथून हलू नये.