मजुरी ही कृपा नव्हे

कृपा म्हटलं की चळवळीतल्या आपल्या दोस्तांच्या कपाळावर आठी पडते. पडायलाच पाह्यजे. या मुलखात कृपा म्हणजे पाटलाची कृपा, सावकाराची कृपा, ठेकेदाराची कृपा. वाकलेल्या पाठीवर ठेवलेला हात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी असल्या कृपेवर लाथ मारली. मी ख्रिस्ती, पण त्या लाथेचा मला अभिमानच आहे.

माझं भांडण आमच्याच पुलपिटाशी आहे. दर रविवारी तिथून ऐकतो : देवानं कृपा केली, आता आभार माना आन् गप्प बसा.

गप्प काहून बसायचं?

पौलाचं रोमकरांस पत्र काढा, चौथा अध्याय. काम करणाऱ्याची मजुरी हे त्याचं घेणं, ती मेहरबानी नव्हे, हे त्यानं तिथं हिशेबासारखं मांडलं आहे. कृपा म्हणजे जे कमावता येत नाही, विकत मिळत नाही ते. दोन खाती वेगळी. आन् इथं तर सारा धंदाच सरमिसळीचा! खापरखेड्याचं वीजकेंद्र १३४० मेगावॅटचं. वीज तारांवरून दूर जाते, राख आपल्या उशाशी राहते. राखेचे तलाव कुठं करायचे हे माणसं ठरवतात. त्याला देवाची इच्छा म्हणू नका. ठेक्यावर राबणारा कुठंही पूर्ण मजुरी मागायला गेला की त्याला ऐकवतात, कामावर ठेवलं हेच उपकार समज. किमान मजुरी उपकार! पाणवठा उपकार! राखीव जागा उपकार! हक्काला कृपा म्हणणारा माणसाला लुटतो आन् देवालाही लुटतो.

तोच पौल फिलिप्पैत फटके खाऊन तुरुंगात पडला. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, जा आता मुकाट्यानं. पौल हलला नाही. आम्ही रोमी नागरिक, चौकशीवाचून फटके दिलेत, आता स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढा, असं त्यानं ठणकावलं. अधिकाऱ्यांना यावं लागलं. जगाला कृपा शिकवणारा माणूस नागरिकाचा हक्क सोडत नाही. मग आम्ही काहून सोडायचा?

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात हिंदूपुरती बांधली. १९५६ ला त्यात शीख आले, १९९० ला बौद्ध आले. ते बरोबरच झालं. ख्रिस्ती आन् मुसलमान दलित बाहेर राहिले. १९८५ मध्ये मद्रासचा एक चांभारकाम करणारा ख्रिस्ती सुप्रीम कोर्टात हरला. धर्मांतरानंतरही तोच जाच तितकाच राहतो याचा पुरावा कोर्टाला पुरेसा वाटला नाही. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाचा अहवाल आला, ही धर्माची अट काढा म्हणाला. यावर आमचे पुढारी म्हणतात, कृपा पुरे आहे, सवलती कशाला? अहो, ज्याचं पोट भरलं आहे त्यानं उपाशाला उपासाचं महत्त्व सांगू नये.

आन् जात गेली कुठं? बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळली? मग सोयरीक जुळवताना आडनाव काहून विचारता? ख्रिस्ती झालेल्यांमध्ये जात शाबूत राहिली, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलं आहे. त्याचं उत्तर आपण अजून दिलं नाही.

म्हणतात, जुनं विसरा, आभार माना. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात शेतकरी पहिल्या पिकाची टोपली घेऊन देवापुढं येतो, आभारच मानायला. आन् सांगतो काय? बाप भटका होता, मिसरात आम्हाला छळलं, राबवलं, आम्ही हाका मारल्या. आधी गुलामीची कहाणी, मग टोपली. अरविंद निर्मल यांनी दलित ईश्वरविज्ञान उभं केलं ते याच कबुलीच्या पायावर. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कोडी बरे झाले. आभार मानायला एकच परतला, तोही मोठमोठ्यानं ओरडत; आन् तो शोमरोनी होता, यहुद्यांनी दूर ठेवलेला.

तेव्हा दोस्तहो, कृपेचे आभार देवाला. मजुरीचा हिशेब ठेकेदाराला. हक्काची मागणी सरकारला. आन् जातीचा जाब आपल्याच मंडळीला. या चारांची ज्यानं एक खिचडी करून आम्हाला वाढली, त्याच्या ताटावर मी बसणार नाही. माझं कृतज्ञ असणं म्हणजे माझं तोंड बंद असणं नव्हे. फुकट मिळालेल्या माणूसपणाची किंमत कोणी वसूल करायला आला, तर त्याला दारातूनच परत धाडणं, ही माझी उपासना.